थपडेच्या पुढच्या ललिता पवार

मित्रहो, ललिता पवारांचं नाव निघालं की दोन गोष्टी हमखास निघतात. एक खाष्ट सासू आणि दुसरी १९४२ सालची ती थप्पड. थपडेचा विषय मी आधीच संपवतो. 'जंग-ए-आझादी'चं चित्रीकरण सुरू होतं. मास्टर भगवान यांनी प्रसंगात मारायची थप्पड फार जोरात बसली. चेहऱ्याला पक्षाघात झाला आणि उपचारांनंतरही डावा डोळा कायमचा बारीक राहिला. बाईंचं वय तेव्हा सव्वीस. ही हकिकत सांगून झाली की लोक वर म्हणतात, 'पण त्यामुळेच त्यांना खलनायिकेच्या भूमिका मिळाल्या ना!' हे वाक्य मला सहन होत नाही. त्या इजेनं त्यांची नायिकेची कामं गेली, एवढंच खरं. पुढचं सगळं त्यांनी स्वतः मिळवलं, आणि त्यासाठी लागणारी तयारी त्यांच्याकडे आधीपासून होती.

ती तयारी कुठली? नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याची ही मुलगी, मूळ नाव अंबा, मूकपटांच्या काळातच कॅमेऱ्यासमोर आली. १९२८च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये ती बालकलाकार होती. १९३५च्या 'हिम्मत-ए-मर्दां'मध्ये नायिका होती आणि त्यातली गाणीही तिनं स्वतः म्हटली. १९३७ साली तिनं 'दुनिया क्या है' हा चित्रपट काढला, तोही टॉलस्टॉयच्या कादंबरीवरून. विशीतली मराठी मुलगी निर्माती होते आणि टॉलस्टॉय निवडते, हे आपण का विसरतो? थप्पड बसली ती धंद्याच्या सगळ्या अंगांची माहिती असलेल्या कलावतीला.

म्हणून १९४४ साली प्रभातच्या 'रामशास्त्री'त त्या आनंदीबाई होऊन उभ्या राहिल्या, याचं मला फार मोल वाटतं. नायिकेच्या जागेवरून चरित्र भूमिकेत जाणं म्हणजे पोस्टरवरचं नाव लहान होणं. पुष्कळ जणी तिथे थांबल्या. ह्या थांबल्या नाहीत.

आणि मग १९५५ साल बघा. एकाच वर्षी दोन चित्रपट. 'श्री ४२०'मध्ये त्या मुंबईच्या फुटपाथवर केळी विकणाऱ्या, नायक राजूशी (राज कपूर) भावावरून हुज्जत घालणाऱ्या आणि त्याला पोटच्या पोरासारखं जवळ करणाऱ्या गंगामाई आहेत. 'मिस्टर अँड मिसेस ५५'मध्ये पुरुषांवर भरवसा नसलेल्या श्रीमंत सीतादेवी आहेत. चेहरा तोच, डोळा तोच. मग डोळ्यामुळे दुष्टपणा आपोआप दिसायचा, या म्हणण्याला काय अर्थ उरतो?

सहायक भूमिका म्हणजे काय असतं, हे समजून घ्यायचं असेल तर 'अनाडी' पाहावा. १९५९ सालचा, हृषीकेश मुखर्जींचा. मिसेस डिसा ही राज कपूरची घरमालकीण. तोंड फटकळ, रागावणं सतत, आणि त्या रागावण्याआड माया. पुढे ती बाई औषध घेऊन दगावते. औषध बनवणारी कंपनी श्रीमंत माणसाची, आणि खुनाचा आळ येतो तो तिच्या लाडक्या भाडेकरूवर. इथे जरा थांबा. चित्रपटाचा पुढचा सगळा भाग या एका मृत्यूवर उभा आहे. प्रेक्षकाचा जीव मिसेस डिसावर जडलेला नसेल, तर कोर्टातल्या प्रसंगांना काय किंमत राहील? नायकाला पुढे काय वाटायचं, त्याची तजवीज ही बाई आधीच्या तासाभरात करून ठेवते. या कामासाठी त्यांना फिल्मफेअरचा सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. मुखर्जींनी 'आनंद'मध्येही त्यांना घेतलं, इस्पितळातली कडक मेट्रन, म्हणजे मुख्य परिचारिका म्हणून, आणि तिचंही आडनाव डिसाच ठेवलं. १९६१ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कारही त्यांना मिळाला.

दूरदर्शनवरच्या मंथरेबद्दल वेगळं सांगायला नको. १९८७ साली रामानंद सागरांच्या 'रामायण'नं त्यांना पुन्हा घराघरांत नेलं. रविवारी सकाळी जी मुलं टीव्हीसमोर बसायची, त्यांनी या बाईंना पहिल्यांदा पाहिलं ते कुबड काढलेल्या रूपात, आणि अनेकांच्या मनात तेच रूप कायमचं बसलं. मंथरा त्यांनी ताकदीनं केली यात वाद नाही, पण एका पिढीला तेवढ्याच ललिता पवार ठाऊक आहेत याची मला खंत वाटते. १९९८च्या फेब्रुवारीत पुण्यात त्या गेल्या, तेव्हा आठवणी निघाल्या त्याही बहुतेक मंथरेच्या आणि सासूच्याच.

माझ्या मते त्यांचं सगळ्यात धाडसी काम १९६२च्या 'प्रोफेसर'मध्ये आहे. शम्मी कपूर म्हाताऱ्या प्रोफेसरचं सोंग घेऊन शिकवणीला येतो. घरातल्या मुलींची कडक पालक म्हणजे ललिताबाई, आणि नेमक्या याच बाई त्या सोंगाच्या प्रेमात पडतात. प्रसंग विनोदी आहे, लोक पोट धरून हसतात. पण तुम्ही त्यांच्याकडे बघा. त्या कुठेही चेष्टेत उतरत नाहीत. आधी आवाज मऊ होतो. मग नटण्याकडे लक्ष जातं. मग तो समोर आला की मान किंचित खाली जाते आणि चेहऱ्यावर खरीखुरी लाज येते. वय झालेल्या, आयुष्यभर दुसऱ्यांची पोरं सांभाळलेल्या बाईला कुणी आपल्याशी चार शब्द गोड बोललं तर काय वाटेल, ते त्या मनापासून करत राहतात. हास्यपटात असं करणं जोखमीचं असतं, कारण प्रेक्षकाचं हसू अडकू शकतं. माझं प्रत्येक वेळी अडकतं. तो चित्रपट शम्मी कपूरचा आहे आणि गाणीही त्याचीच आहेत. तरी सोंग उघडं पडायची वेळ जवळ येते तेव्हा मला काळजी वाटते ती या बाईची.