ओके म्हणजे नक्की काय?

नमस्कार श्रोतेहो. आज एका इंग्रजी शब्दाबद्दल बोलायचंय, आणि तो सकाळपासून तुमच्या तोंडून चार-पाचदा तरी गेला असेल. ओके. लिहायला दोनच अक्षरं, ओ आणि के. पण अर्थ विचाराल तर पंचाईत होते.

ऐका हं. "मी निघू का?" "ओके." ही झाली परवानगी. कुणी जिन्यावरून घसरलं, आपण धावत जातो आणि विचारतो, "ओके आहेस ना?" इथे विचारायचंय ते लागलंबिगलं नाही ना. "सिनेमा कसा होता?" "ओके." म्हणजे बेताचा, नाही पाहिलात तरी चालेल. फोनवर पलीकडचा माणूस बोलत सुटलाय आणि आपण मधूनमधून "ओके... ओके..." करतोय, तो होकार नसतो, नुसतं "ऐकतोय, चालू द्या" असतं. सर वर्गात येऊन टेबलावर पुस्तक आपटून "ओके!" म्हणतात, त्याचा अर्थ आता बडबड पुरे. आणि फोन ठेवताना "ओके, चला" म्हणतो, तेव्हा त्याला काहीच अर्थ नसतो, ते नुसतं दार लावून घेणं असतं. व्याकरणाचंही तेच. साहेबांचा ओके मिळाला, इथे नाम. साहेबांनी कागद ओके केला, इथे क्रियापद. काम ओके आहे, इथे विशेषण.

या सगळ्यात एक गोष्ट समान आहे, ती लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. ओके मान्यता देतो, पण कौतुक करत नाही. पुन्हा सांगतो, मान्यता देतो, कौतुक करत नाही. राग, आनंद, उत्साह, जे काही असेल ते आपण आवाजातून घालायचं. शब्द स्वतः कोराच. म्हणून तर मेसेजमध्ये नुसता ओके आला की माणसं रात्रभर विचार करत बसतात, रागावला असेल का? आणि काही जण तर नुसतं 'के' पाठवतात. अहो, ओके हाच मुळात संक्षेप. त्याचाही संक्षेप करण्याइतकी घाई कसली असते, देव जाणे!

संक्षेप कशाचा, ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेत बॉस्टन शहरात २३ मार्च १८३९च्या 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट'मध्ये हा शब्द छापलेला सापडतो. त्या वेळी तिथल्या वर्तमानपत्रांत एक खूळ होतं. शब्दांचं स्पेलिंग मुद्दाम चुकवायचं आणि त्याची आद्याक्षरं छापायची. 'ऑल करेक्ट', म्हणजे सगळं बरोबर, हे ओ आणि के वापरून चुकीचं लिहिलं आणि झालं ओके. 'सगळं बरोबर' हेच चुकीचं लिहायचं, हा त्यातला विनोद. असले पुष्कळ संक्षेप आले आणि विरून गेले. हा वाचला, कारण पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती आणि उमेदवार मार्टिन व्हॅन ब्युरेन किंडरहुक गावचे. 'ओल्ड किंडरहुक' हे त्यांचं टोपणनाव. त्याचीही आद्याक्षरं ओ, के! समर्थकांनी ओके क्लब काढले, विरोधकांनी त्याच अक्षरांची टिंगल केली. व्हॅन ब्युरेन पडले, शब्द राहिला. ॲलन वॉकर रीड या अभ्यासकाने १९६०च्या दशकात जुनी वर्तमानपत्रं चाळून हे सगळं उकरून काढलं.

असो. मला खरं तर सांगायचीय ती गोष्ट वेगळीच आहे. ती सांगायला मिळावी म्हणूनच मी हा विषय घेतला, असं म्हणा ना.

साल १९८१. कॅलिफोर्नियात ॲपल कंपनीत 'लिसा' नावाचा संगणक तयार होत होता. तो बाजारात आला १९८३ साली. त्या काळी बहुतेक संगणकांना हुकूम टाइप करून द्यावे लागायचे. लिसावर माउस होता, पडद्यावर चित्रं होती, आणि संगणकाला काही विचारायचं असलं की एक छोटी चौकट उघडायची. चौकटीत प्रश्न, खाली दोन बटणं. एकावर 'कॅन्सल', म्हणजे राहू दे. दुसऱ्यावर 'डू इट', म्हणजे कर. ओके हा शब्द त्यांना सुचला नव्हता असं नाही. पण तो फार बोलीतला, घरगुती वाटला, म्हणून बाजूला ठेवला होता.

मग लोकांना बोलावलं, यंत्रासमोर बसवलं आणि ते कुठे अडतात ते पाहायला सुरुवात केली. सगळं सुरळीत चाललेलं असायचं, पण ती चौकट उघडली की काही जण अडखळायचे. जिथे 'डू इट' दाबायला हवं तिथे 'कॅन्सल' दाबायचे. का, ते कळेना. प्रश्न तर साधा होता, बटणंही दोनच.

शेवटी एक गृहस्थ आले. चौकट उघडली तसे ते गोंधळले, आणि नुसते गोंधळले नाहीत, चिडायला लागले. चाचणी घेणाऱ्याने मध्येच थांबवून विचारलं, काय अडचण आहे? ते म्हणाले, मी काही डोल्ट नाही, हे यंत्र मला डोल्ट का म्हणतंय?

डोल्ट म्हणजे ठोंब्या!

आता हे कसं झालं, ते डोळ्यांसमोर आणा. 'डू इट' लिहायचं तर डी, ओ, मग थोडी मोकळी जागा, मग आय, टी. यातला आय कॅपिटल. पडद्यावरची अक्षरं होती साधी, टोकांना आडव्या रेघा नसलेली. तसल्या अक्षरांत कॅपिटल आय म्हणजे नुसती उभी रेघ. आणि स्मॉल एल? तीही नुसती उभी रेघ. मधली जागा नजरेतून निसटली की उरतं काय? डी, ओ, एल, टी. डोल्ट. म्हणजे त्या भल्या माणसासमोर यंत्राने एक प्रश्न टाकला होता आणि खाली दोन पर्याय दिले होते : 'राहू दे' आणि 'ठोंब्या'. कोणता शहाणा माणूस दुसरं बटण दाबेल, तुम्हीच सांगा! पुढे ॲपलच्याच मॅकिंटॉश या संगणकाच्या चमूतले अँडी हर्ट्झफेल्ड यांनी ही हकीकत लिहून ठेवली, म्हणून आपल्याला ती ठाऊक आहे.

तसली अक्षरं आजही आहेत बरं का. पासवर्ड धाडतात, त्यात एक उभी रेघ असते, ती आय, एल की एक आकडा, ते ओळखत बसायचं. तीनदा चुकलात की खातं बंद! त्यावर मी तासभर बोलू शकतो, पण राहू दे.

तर थोडा विचार करून त्या मंडळींनी बटणावर, आधी घरगुती म्हणून नाकारलेला तोच शब्द लिहिला. ओके. आणि लोकांचं अडखळणं कमी झालं. 'डू इट' हा हुकूम, तो वाचावा लागतो. ओके वाचावा लागत नाही, दिसला की कळतो. शिवाय मघाशी म्हटलं तसं, तो मान्यता देतो, बाकी काही बोलत नाही. फाइल पुसायची? ओके. छापायची? ओके. कुठल्याही प्रश्नाखाली खपतो.

खपतो म्हणून नको तिथेही बसवतात, ही माझी तक्रार. "तुमची फाइल उघडता येत नाही," अशी चौकट येते आणि खाली एकच बटण : ओके. अहो, ओके कसं काय? माझं दिवसभराचं काम त्यात आहे! मला ते मान्य नाही, पण नाही म्हणायला बटणच नाही. तिथे 'कळलं' किंवा 'बंद करा' लिहायला काय हरकत आहे?

एका जागी मात्र ओके जीवावर बेतू नये म्हणूनच वापरतात. पाण्याखाली उतरणारे पाणबुडे बोलू शकत नाहीत, खुणा करतात. 'ठीक आहे' म्हणून आपण अंगठा वर करतो, तसा तिथे करायचा नाही. त्यांच्यात अंगठा वर म्हणजे 'वर चला'. ठीक आहे सांगायला अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा, ती ओकेची खूण. प्रश्नही त्याच खुणेने विचारतात आणि उत्तरही त्याच खुणेने देतात. उत्तर आलं नाही तर जोडीदार अडचणीत आहे असं धरून त्याच्याजवळ जायचं.

वेळ संपत आली. पुढच्या वेळी 'रन' हा शब्द घेऊ. त्या एका क्रियापदाचे ऑक्सफर्डच्या कोशकारांनी सहाशेहून जास्त अर्थ नोंदवलेत, तेव्हा जरा निवांत बसा. नमस्कार.