मुंबईच्या तीन आठवडे आधी

(नागपुरातल्या धावपटूंसमोर डिसेंबरच्या मध्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते आणि आज डिसेंबर अर्धा सरला आहे. तुमच्यापैकी जे फुल, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर धावणार आहेत, त्यांचा सगळ्यात जड आठवडा येत्या सोमवारी सुरू होतो. मी आज त्या एका आठवड्याबद्दल बोलणार आहे. बूट कोणते घ्यावेत, घड्याळ कोणतं चांगलं, हे पुन्हा कधीतरी.

आपल्याकडे दरवर्षी काय होतं ते आधी सांगतो. डिसेंबरात लग्नं असतात, मुलांची गॅदरिंग असतात, पाहुणे येतात. दोन-तीन रविवार असेच निघून जातात. मग जानेवारी उजाडला की धास्ती बसते, आणि शर्यतीला सात दिवस उरले असताना माणूस बत्तीस किलोमीटर काढून येतो. त्याला वाटतं, राहिलेलं भरून निघालं. ग्रुपवर त्याचा फोटो पडतो आणि बाकीच्यांच्याही पोटात गोळा येतो. आता शरीरात काय होतं ते पाहा. लांब धावल्यावर स्नायूंच्या तंतूंना बारीक बारीक इजा होते. त्यांची डागडुजी होऊन ते आधीपेक्षा मजबूत व्हायला साधारण दहा दिवस ते दोन आठवडे जातात. सात दिवस आधीच्या त्या बत्तीस किलोमीटरमधून मुंबईला फक्त थकवा पोचतो. ताकद नंतर येते, तोवर शर्यत संपलेली असते.

हे माझं एकट्याचं मत नाही. लॉरां बॉस्के हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये धावणं, पोहणं आणि सायकलिंगमधल्या अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून तपासले. सगळ्यात चांगला परिणाम कुठे दिसला? शर्यतीआधीचे दोन आठवडे एकूण अंतर ४१ ते ६० टक्क्यांनी उतरवलं, पण वेग आणि धावण्याचे दिवस तसेच ठेवले, तिथे. म्हणजे शेवटचे दोन आठवडे उतरणीचे. मग चढ कुठे संपवायचा? उतरण सुरू व्हायच्या एक आठवडा आधीच्या रविवारी. मुंबईच्या बरोबर तीन आठवडे आधी.

आता तो आठवडा. समजा कुणाचं लक्ष्य चार तासांचं आहे. किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंद. गेले दोन महिने ती व्यक्ती आठवड्याला साठेक किलोमीटर धावते आहे. तिचा जड आठवडा मी असा आखीन: सोमवारी सुट्टी. मंगळवारी मानकापूरच्या ट्रॅकवर दहा किलोमीटर, त्यात एक-एक किलोमीटरचे पाच इंटरव्हल, म्हणजे मध्ये दम घेत जोरात धावायचे टप्पे. बुधवारी चौदा, गुरुवारी सहा. शुक्रवारी बारा, त्यातले मधले आठ शर्यतीच्या वेगानं. शनिवारी पुन्हा सहा. रविवारी तीस. बेरीज ७८. जे साठवरच पोचलेले नाहीत, चाळीस-पंचेचाळीसवर आहेत, त्यांनी हा आकडा डोक्यातून काढून टाकावा आणि स्वतःच्या सरासरीच्या वर पाचवा हिस्सा, फार तर चौथा हिस्सा चढवावा.

यातला एकही दिवस एकेकटा पाहिला तर अवघड नाही. चौदा किलोमीटर तुम्ही सगळेच धावता. अवघड आहे ते सलगपण. बुधवारचे चौदा हे मंगळवारच्या इंटरव्हलनं जड झालेल्या पायांवर असतात, आणि रविवारी तुम्ही उभे राहता तेव्हा पाय ताजे नसतात. ते ताजे नसावेत म्हणूनच हा सगळा खटाटोप आहे. मॅरेथॉनमध्ये खरी परीक्षा तिसाव्या किलोमीटरनंतर सुरू होते, आणि सरावात तर कुणी बेचाळीस धावत नाही. मग शेवटच्या दहा-बारा किलोमीटरचा अनुभव घ्यायचा कुठून? आठवडाभराचा शीण घेऊन रविवारी निघालं की विसाव्या किलोमीटरलाच पाय तिसाव्यासारखे बोलायला लागतात. तेच हवं आहे.

इथे एक अट आहे आणि ती पाळली नाही तर आठवडा वाया जातो. गुरुवार आणि शनिवारचे सहा किलोमीटर खरोखर सावकाश धावायचे. किलोमीटरला सात मिनिटं, सव्वासात लागले तरी चालतील. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. फुटाळा तलावावर मी रोज पाहतो, एक जण मागून पुढे जातो की दुसऱ्याला राहवत नाही, आणि सहा किलोमीटरचा इझी रन शर्यत होऊन बसतो. अशा माणसाचा शुक्रवार बिघडतो, आणि शुक्रवार बिघडला की रविवारी तो अठराव्या किलोमीटरला चालायला लागतो.

जड आठवड्यात शरीराला नेमकं काय मिळतं, यावर एक जुना प्रयोग सांगतो, कारण तो मला फार आवडतो. १९६६ साली स्वीडनमध्ये बर्गस्ट्रॉम आणि हल्टमन या दोन संशोधकांनी तो स्वतःवरच केला. एकाच सायकलच्या दोन बाजूंना दोघं बसले. प्रत्येकानं एकाच पायानं पॅडल मारलं, पाय पार रिकामा होईपर्यंत. दुसरा पाय स्वस्थ. मग तीन दिवस भरपूर पिष्टमय जेवण, आणि सुईनं मांडीच्या स्नायूचा बारीक तुकडा काढून तपासणी. दमलेल्या पायात ग्लायकोजेनचा, म्हणजे स्नायूत साठवलेल्या साखरेचा, साठा स्वस्थ पायाच्या जवळपास दुप्पट झालेला होता. माणूस एक, जेवण एक, रक्त एक, आणि फरक फक्त काम केलेल्या पायात! रिकामा झालेला स्नायूच जास्त भरून घेतो. म्हणून या आठवड्यात रोज पोटभर जेवायचं. वजन कमी करायची इच्छा ज्यांना आहे त्यांनी ती फेब्रुवारीत पुरी करावी. या सात दिवसांत भात सोडणारा धावपटू स्वतःच्याच मेहनतीवर पाणी सोडतो.

आता रविवार. मुंबईच्या फुलमध्ये पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर, पस्तिसाव्या किलोमीटरच्या पुढे येतो. तो चढ तसा फार मोठा नाही. ताज्या पायांनी तुम्ही हसत चढाल. पण तो येतो तेव्हा पायात काही उरलेलं नसतं, ऊन वर आलेलं असतं आणि आजूबाजूचे निम्मे लोक चालत असतात. आपल्या सुदैवानं आपल्याकडे सेमिनरी हिल्स आहे. आपण काय करतो, सकाळी ताज्या दमानं टेकडी आधी उरकतो आणि मग सपाटीवर येतो. जड आठवड्याच्या रविवारी उलटं करायचं. चोवीस किलोमीटर सिव्हिल लाइन्स आणि फुटाळ्याच्या सपाट फेऱ्यांमध्ये काढायचे आणि शेवटच्या सहात फुटाळ्याकडून वर सेमिनरी हिल्सला चढायचं, उतरायचं, पुन्हा चढायचं. चढावर पावलं आखूड करा, हात थोडे जास्त वापरा, नजर आठ-दहा पावलं पुढे ठेवा. किलोमीटरला मिनिटभर जास्त लागलं तर लागू द्या.

आणि उतार टाळू नका. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार पेलतो, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना माणूस कठडा धरतो. पण एकदा असा मार खाल्लेला स्नायू पुढचे काही आठवडे तशाच माराला बराच कमी दुखतो. तीन आठवडे आधीचा उतार मुंबईत पेडर रोडच्या पलीकडे उतरताना कामी येतो. एक आठवडा आधीचा उतार तुम्हाला दुखऱ्या मांड्यांनी गाडीत बसवेल.

थंडीचं काय? डिसेंबरअखेर आपल्याकडे पहाटे आठ-दहा अंश असणं नेहमीचं. २०१८ च्या डिसेंबरअखेर तर पारा ३.५ पर्यंत उतरला होता. अशा हवेत तहान लागत नाही आणि लोक तीन तास पाण्याशिवाय धावतात. मुंबईत हवा उबदार आणि दमट असते, घाम अंगावरच राहतो, वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके जास्त पडतात. नागपूरच्या थंडीत ५:४१ सहज जमलं म्हणून मुंबईत ते तसंच जमेल असं धरू नका. पहिले दहा किलोमीटर मुद्दाम थोडे हळू जा. पाण्याची सवय मात्र इथेच लावा, दर दोन-अडीच किलोमीटरला दोन घोट. दुसरं टोकही गाठू नका. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम सामान्य पातळीखाली गेलेलं आढळलं, आणि शर्यतीत वजन वाढणाऱ्यांमध्ये, म्हणजे घामापेक्षा जास्त पाणी पिणाऱ्यांमध्ये, ते जास्त होतं. पाण्याच्या प्रत्येक टेबलवर थांबून पूर्ण बाटली रिचवायची गरज नाही.

एक गोष्ट मला विशेष कळकळीनं सांगायची आहे, आणि ती इथे बसलेल्या पुरुषांनीही ऐकावी. आपल्या गटातल्या कितीतरी जणी पहाटे चारला उठून डबे करतात, मग ग्राउंडवर येतात, परत जाऊन घर आणि ऑफिस दोन्ही बघतात. त्यांच्या तक्त्यात ७८ लिहिलेलं असलं तरी शरीरावरचा भार ७८ चा नसतो. झोप पाच तासांची आणि सराव सगळ्यात जड, असा आठवडा कुणाच्याही शरीराला झेपत नाही. ताईंनो, हा एक आठवडा घरी स्पष्ट सांगा. डबे दुसरं कुणी करेल, नाहीतर पोळी-भाजी बाहेरून येईल. ते शक्यच नसेल तर बुधवारचे चौदा आठ करा. त्यानं मुंबई हातची जात नाही. आणि भाऊ लोकांनो, तुमची बायको धावत असेल तर या आठवड्यात पहाटेचा गॅस तुम्ही पेटवा.

दुखण्याचं थोडक्यात. दोन्ही मांड्या सारख्या दुखत असतील आणि दहा मिनिटं धावल्यावर मोकळ्या होत असतील तर धावा. एकाच बाजूला, एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल, विशेषतः नडगीच्या हाडावर किंवा टाचेच्या वर, आणि धावताना ते वाढत असेल, तर त्याच पावली थांबा, ऑटो करून घरी जा, आणि ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा. पेनकिलर घेऊन रविवार पुरा करायचा नाही. तशा औषधांनी लांब धावताना मूत्रपिंडावर ताण येतो, आणि दुखणं झाकल्यामुळे किती बिघडलंय तेही कळत नाही.

खाण्याबद्दल आपल्या नागपूरपुरतं बोलतो. रविवारी तीस किलोमीटर झाले की तर्री पोहे हा आपल्याकडचा शिरस्ता आहे आणि तो मोडा असं मी म्हणणार नाही. पण आधी केळं, ताक, चिमूटभर मीठ, आणि अर्ध्या तासानं पोहे. धावताना पोटाला काय सोसतं हे याच रविवारी ठरवा. जेल, म्हणजे धावताना घ्यायचा गोड पाक, घेणार असाल तर तोच जेल, खजूर घेणार असाल तर तोच खजूर. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. संत्री सध्या गाडीगाडीवर आहेत, ती धावून झाल्यावर खा. धावताना फोडी चावत बसलात की चोथा पोटात ढवळतो. आणि जानेवारीत शेतावर हुरड्याची आमंत्रणं येतील. शर्यतीच्या आठवड्यात हुरडा नको. चोथा भरपूर, वर लसणाची चटणी, वर दही. तेव्हा नुसता वरण-भात, बटाटा, फार तर साधी खिचडी.

उतरणीच्या दोन आठवड्यांत तीन गोष्टी होतील, त्यांना घाबरू नका. पाय जड वाटतील. जिथे कधी दुखलं नाही तिथे दुखल्याचा भास होईल. आणि वजन एखाद किलो वाढेल, कारण प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत स्नायूत जवळजवळ तीन ग्रॅम पाणी साठतं. ती चरबी नाही, शर्यतीच्या रविवारची शिदोरी आहे. त्याच दिवसांत संक्रांत येते. तिळगूळ जरूर खा, पण रस्त्यावर धावताना मांजाकडे लक्ष असू द्या. नायलॉन मांजावर बंदी आहे तरी तो आपल्या शहरात सर्रास उडतो आणि गळे कापतो. ते दोन-तीन दिवस पतंग उडायच्या आत, पहाटेच धावून घ्या, मफलर गळ्याभोवती असू द्या, आणि संध्याकाळी वस्तीतून धावूच नका. शक्य असेल तर गाडीचं तिकीट गुरुवार रात्रीचं काढा. शुक्रवारी पोचून बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, घ्यायचा आणि शनिवारी पाय वर करून पडायचं. शनिवारी सकाळी उतरून, सामान घेऊन बिबच्या रांगेत दोन तास उभं राहणं पायांना महागात पडतं.

आता त्या तीस किलोमीटरच्या रविवारचं ठरवून टाकू. पावणेपाचला लॉ कॉलेज चौकात जमायचं. सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो, तेव्हा पहिला दीड तास तरी अंधार असेल. अंगावर चमकणारी पट्टी आणि डोक्याला टॉर्च हवा. रस्त्याच्या उजव्या कडेनं, समोरून येणारी गाडी दिसेल असं धावायचं, जास्तीत जास्त दोघं शेजारी. फुटाळ्यावर पाण्याची आणि केळ्यांची स्कूटर कोण लावतो? हाफवाले दोघं-तिघं पुढे या. त्यांचे बारा किलोमीटर शनिवारी होऊन जातील. आणि ज्यांनी आपापल्या सरावाच्या वह्या आणल्या आहेत त्यांनी थांबा, एकेकाचा आकडा आजच बसून ठरवू.