घारापुरीला जाताय? आधी परतीची बोट ठरवा

नमस्कार. घारापुरीच्या, म्हणजे एलिफंटा बेटावरच्या लेण्यांच्या, माझ्या व्हिडिओखाली "सोमवारी गेलो तर चालेल का?" असे पुन्हापुन्हा विचारले जाते, म्हणून पहिल्यांदा तेच सांगतो: सोमवारी लेणी बंद असतात. बोटीचे तिकीट गेटवे ऑफ इंडियापाशी मिळते आणि प्रवासाला साधारण तास लागतो. एवढे बहुतेकांना ठाऊक आहे.

माझा आग्रह वेगळ्याच गोष्टीसाठी आहे. परतीची शेवटची बोट संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सुटते आणि पर्यटकांना बेटावर मुक्काम करता येत नाही, त्यामुळे दिवसाची आखणी त्या बोटीपासून मागे मोजत करावी. दुपारी दोनच्या बोटीने निघालात, तर धक्क्यावर तीन वाजतात. पुढे लांबलचक धक्का, सुमारे १२० पायऱ्या आणि तिकिटाची रांग धरली, तर लेण्यात जेमतेम तासभर उरतो. तेवढ्यात मागच्या भिंतीवरचा पाच मीटरहून उंच सदाशिव, म्हणजे तीन मुखांची शिवमूर्ती, नीट पाहून होत नाही, कारण आतल्या अंधाराला डोळे सरावल्यावरच आपल्या डाव्या हाताच्या अघोर या उग्र मुखावरची मिशी आणि त्याच्या हातातला साप, तसेच उजवीकडच्या वामदेव या सौम्य मुखाच्या हातातले कमळ दिसू लागते.

सोबत ज्येष्ठ मंडळी असतील, तर हाच हिशेब आणखी सैल ठेवावा. चढण्यापेक्षा उतरताना गुडघे जास्त बोलतात, आणि नेमक्या त्याच वेळी सगळी गर्दी खाली येत असते. जाण्यायेण्याचे तिकीट एकत्र घेतले असेल, तर ते फेकू नका. मागे एका कुटुंबाने धक्क्यावर उभे राहून पाणी, टोप्या, डबे असे सगळे पिशवीबाहेर काढलेले मी पाहिले. तिकीट तेवढे सापडत नव्हते.

एका प्रेक्षकांनी ठामपणे लिहिले आहे की बेटावर वीज नाही, म्हणून लोकांना लवकर परत पाठवतात. महाशय, समुद्राखालून केबल टाकून तिथे २०१८ मध्येच वीज पोहोचली आहे. राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर या गावांत माणसे राहतात. त्यांना अंधारात ढकलू नका.

गेटवेला परतल्यावर बोटी एकमेकींना लागून उभ्या असल्या, तर शेजारच्या बोटीच्या फळीवरून पलीकडे जावे लागते. तेव्हा मोबाइल खिशात ठेवा आणि खलाशाने पुढे केलेला हात धरा.