मोरीतला दांडा

ही मोरी बघा. शिंदखेडा तालुक्यातलं धाब्याचं घर, पांढऱ्या मातीच्या भिंती, खाली शहाबादी फरशी आणि कडेला धरलेलं शेवाळ. आजी 78 वर्षांच्या, मागच्या पावसाळ्यात पहाटे अंधारात इथंच घसरल्या, नशीब म्हणून मुक्या मारावर भागलं.

म्हणून धरायला दांडा बसवायचाय. मिस्त्री आलेत, मोटरसायकलला पाईप बांधून. आम्हाला वाटलं भिंतीत ड्रिल मारायचं, फास्टनर ठोकायचा, झालं काम. पण मातीची भिंत फास्टनर धरतच नाही, माणसाचा भार आला की मातीसकट बाहेर येतो, म्हणून त्यांनी फरशीची कड उचकली, हातभर खड्डा घेतला, पाईप उभा करून काँक्रीट भरलं आणि आडवा दांडा त्यालाच वेल्डिंग केला. टॉवेलचा रॉड असतो ना, तो कृपा करून आधाराला लावू नका, तो टॉवेलापुरताच असतो. उंची टेपनं नाही ठरवली, आजींनाच उभं केलं, धरल्यावर कोपर जरासं वाकलेलं राहील अशी, आणि तिथं खडूची रेघ मारली.

सूनबाई ब्लिचिंग टाकून शेवाळ घासतायत. बाजेपासून मोरीपर्यंत चार्जिंगचा बल्ब, कारण लाइट कधीही जाते आणि लघवीला रात्री दोनदा तरी उठावंच लागतं.

वय झालं की हाड आतून विरळ होतं, बायकांचं पाळी गेल्यावर जास्तच झपाट्यानं. आपल्याकडं एवढं ऊन, तरी म्हाताऱ्या माणसांना ड जीवनसत्त्व कमी पडतं, दिवसभर घरातच बसवतो ना आपण त्यांना. मग साध्या पडण्यानंही खुबा मोडतो. पाय आखूड दिसला, पाऊल बाहेर वळलं तर चोळू नका, उभं करू नका, सरळ दवाखाना गाठा. ऑपरेशन शक्यतो दोन दिवसांत झालेलं बरं, बहुतेकांना दुसऱ्याच दिवशी उभं करतात. पडून राहिलं की पाठीला जखमा, न्यूमोनिया, आणि बरीच माणसं वर्षभरात जातात.

काँक्रीट तीन दिवस ओलं ठेवलं, तोवर कुणाला हात लावू दिला नाही. हा चौथा दिवस.

"हाई हालस का रे भाऊ?"

"धरीसन देख माय."

आजींनी धरला. हलवून बघितला. मग दुसऱ्या हातानं तांब्या उचलला.