किल्ल्यांचा खण

नमस्कार श्रोतेहो. आज गृहकर्जाबद्दल बोलायचं आहे. हप्ता म्हणजे काय, तारण म्हणजे काय, हे तुम्हाला सांगत बसत नाही. नाशकात सिडको असो, सातपूर असो की नाशिकरोड, हप्त्याच्या तारखेची धास्ती घरोघरी ओळखीची आहे. आज बोलायचंय ते हा कर्जाचा बाजारच डळमळतो तेव्हाचं. घर घेणाऱ्याचं काय होतं आणि कर्ज देणाऱ्याचं काय होतं. दोघांचंही.

पण आधी माझ्या मावशीच्या कोठीची गोष्ट.

2024 चा एप्रिल. मावशीकडे वर्षाचा गहू भरायचा होता. लोकवन आणून, निवडून, ऊन देऊन ठेवला होता, कडुनिंबाचा पाला सुकवलेला होता. (वर्षाचा गहू भरणारी घरं आता कमी होत चाललीत, पिठाची पिशवी आणली की झालं. मला हे अजिबात पटत नाही. घरात धान्य असलं की माणसाला धीर असतो.) तर मावशी कोठी पुसायला आत वाकली आणि तळाशी हाताला दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी लागलं. बाहेर काढलं तर तीन पाकिटं. रजिस्टर पोस्टाची, कर्ज देणाऱ्या कंपनीचा शिक्का असलेली, एकही न फोडलेलं. पाल्याचा वास लागलेला.

ती माझ्या मावसभावाने, दादाने, ठेवली होती. पोस्टमनसमोर सही करून घ्यायची आणि कोठीत टाकायची. त्याने 2021 साली पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतला. 20 लाखांचं कर्ज, 20 वर्षं, व्याज 6.7 टक्के, हप्ता साधारण 15 हजार दीडशे. अंबडच्या कारखान्यात ओव्हरटाइम मिळत होता, तोवर बरं चाललं. पुढे व्याज 9.2 टक्क्यांवर गेलं, हप्ता 18 हजार झाला आणि त्याच वर्षी ओव्हरटाइम बंद. नोव्हेंबरपासून हप्ता थकला. घरात कोणाला सांगितलं नाही. वहिनीलाही नाही.

मावशीने मला फोन केला, "तू ये आणि हे वाच, मला इंग्रजी येत नाही." मी गेले. दादा भिंतीला टेकून बसला होता, पायाच्या अंगठ्याने फरशी घासत. तिसरं पाकीट फोडलं. सरफेसी कायद्याची, म्हणजे थकलेल्या कर्जापोटी तारण घर ताब्यात घेऊन विकता येतं त्या कायद्याची, नोटीस. 60 दिवसांत सगळं कर्ज भरा, नाहीतर घराचा ताबा घेऊ. तारीख मोजली तर 41 दिवस कोठीत गेले होते. राहिले होते 19. मला राग दादाचा आला नाही, त्या कागदाचा आला. ज्याचं घर जाणार त्याला समजेल अशा भाषेत ते लिहायला नको का? नाशकात मराठी माणसाला मराठीत नोटीस द्यायला काय अडचण आहे?

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कर्ज देणाऱ्या कंपनीच्या शाखेत गेलो. मॅनेजर पन्नाशीचे. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी दादाला पाणी दिलं आणि टेबलाचा खालचा खण ओढला. आत किल्ल्यांचे जुडगे. प्रत्येक जुडग्याला दोऱ्याने पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला, त्यावर बॉलपेनने फ्लॅटचा नंबर. मी मोजले, 11 होते. म्हणाले, "ताई, आम्हाला घर नको, हप्ता हवा. यातल्या चार घरांचा लिलाव तीन-तीनदा पुकारला, बोलीच नाही. सोसायटीचा मेंटेनन्स साठतोय, भिंतींना ओल आलीय. या किल्ल्यांना मी व्याज लावू का?"

मावशीने दोन पाटल्या मोडल्या. थकलेले सहा हप्ते आणि वर लागलेला दंड भरला. नोटीस मागे घेतली गेली. मुदत 25 वर्षांवर नेऊन हप्ता 16 हजारांच्या आसपास आणला. कोठीत गहू भरायला तोवर मे उजाडला होता.

आता तो खण डोळ्यांसमोर ठेवा. 11 किल्ल्यांच्या जागी लाखो किल्ल्या आहेत असं समजा. 2007-08 मध्ये अमेरिकेत तेच झालं. उत्पन्न धड न तपासता कर्जं दिली. सुरुवातीला व्याज कमी, दोन-तीन वर्षांनी एकदम जास्त. कर्ज देणारे ती कर्जं एकत्र बांधून पुढे विकत, त्यामुळे फेडणारा फेडेल का, याची काळजी देणाऱ्याला उरली नाही. घरांच्या किमती वाढत होत्या तोवर भागलं. किमती पडल्या आणि घराच्या किमतीपेक्षा कर्ज मोठं झालं. जप्तीची घरं बाजारात आली, किमती आणखी पडल्या, आणखी घरं जप्त झाली. 15 सप्टेंबर 2008 ला लेहमन ब्रदर्स या तिथल्या मोठ्या गुंतवणूक बँकेने दिवाळखोरी जाहीर केली. शेजारचं घर लिलावात पडेल भावाने गेलं की नियमित हप्ता भरणाऱ्याच्याही घराची किंमत उतरते. हे लक्षात ठेवा, नियमित भरणाऱ्याचीही.

आपल्याकडे 2018 मध्ये मोठ्या प्रकल्पांना पैसा पुरवणारी आयएल अँड एफएस ही कंपनी देणी थकवून अडकली, 2019 मध्ये गृहकर्ज देणाऱ्या डीएचएफएल कंपनीचं संचालक मंडळ रिझर्व्ह बँकेने बरखास्त केलं. अशा वेळी कर्ज देणारे हात आखडतात, बिल्डरचं काम थांबतं, आणि बुकिंग केलेला माणूस भाडंही भरतो आणि हप्ताही भरतो. आणखी एक. देणारी कंपनी बुडाली म्हणून आपलं कर्ज बुडत नाही. ते दुसऱ्याकडे जातं, फेडावं लागतंच.

व्याज वाढलं आणि हप्ता तोच राहिला, तर खूश होऊ नका. दादाचाच हिशोब घ्या, त्याचा हप्ता वाढवला नसता तर काय झालं असतं? 19 लाख 16 हजार बाकी असताना 9.2 टक्क्यांनी महिन्याचं व्याजच होतं 14 हजार 690. जुन्या हप्त्यातून मुद्दलात जमा झाले असते जेमतेम साडेचारशे रुपये. कर्ज फिटायला 38 वर्षं लागली असती. पुन्हा सांगते, 38 वर्षं. व्याजदर बदलला की हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडायची मुभा कर्जदाराला द्या, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2023 मध्येच सांगितलंय. ती मागून घ्या.

आणि हप्ता थकलाच, तर 90 दिवसांच्या आत शाखेत जा. त्यानंतर खातं एनपीए, म्हणजे बुडीत धरलं जाणारं, होतं. नोटीस आली तर 60 दिवस असतात. लेखी म्हणणं द्या, 15 दिवसांत उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. ताबा घेतला तर 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. लिलावात तुमच्या थकलेल्या देण्यापेक्षा जास्त पैसे आले तर वरची रक्कम तुमची. कमी आले तर उरलेलं देणं मात्र तुमच्याच डोक्यावर.

2025 मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, खाली आला तेव्हा दादा आपण होऊन शाखेत गेला. हप्ता आहे तोच ठेवा, मुदत कमी करा, असा अर्ज दिला. मराठीत लिहून. शिक्का मारलेली प्रत मावशीने मागून घेतली आणि देवघराच्या खणात ठेवली. नमस्कार.