परतीचा डबा

श्रोतेहो, नमस्कार. मुंबईत १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या डबेवाल्यांच्या सेवेचे कौतुक करताना आपण डबा वेळेवर कचेरीत पोहोचतो एवढेच बोलतो. परंतु जेवणानंतर तोच रिकामा डबा, झाकणावरच्या त्याच खुणांच्या आधारे हातोहात फिरत आपल्या घरी येतो, म्हणून दुसऱ्या दिवशीचे जेवण भरता येते. वाहतुकीचा अभ्यास करताना ही परतीची फेरीच मला अधिक महत्त्वाची वाटत आली आहे. २०२१ मध्ये रिकामे कंटेनर अमेरिकेत अडकून पडले, तेव्हा आशियातील बंदरांवर माल तयार असूनही तो भरायला कंटेनर मिळेनात.

आता शरीरात पाहू. कमरेजवळच्या मणक्यापासून पावलापर्यंत जाणारा चेतातंतू सुमारे एक मीटर लांब असतो. पेशीत तयार झालेली सामग्री नुसती झिरपत टोकाला जायची म्हटली, तर कित्येक वर्षे लागतील. म्हणून कायनेसिन हे प्रथिन सूक्ष्मनलिकांच्या रुळांवरून, ८ नॅनोमीटरचे एकेक पाऊल टाकत, ती ओझी काही दिवसांत पोहोचवते. परतीचे काम डायनीन या दुसऱ्याच प्रथिनाकडे असते. ते जीर्ण भाग मागे आणते आणि त्याबरोबर टोकाकडच्या ऊतींनी दिलेल्या वृद्धिघटकाचा, म्हणजे चेतापेशींना जगवणाऱ्या व वाढवणाऱ्या प्रथिनाचा, निरोपही आणते. गर्भावस्थेत हा निरोप ज्यांना मिळत नाही, अशा असंख्य चेतापेशी मरून जातात. या घटकाच्या शोधासाठी रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना १९८६ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथे, जेमतेम ४०० यार्ड अंतरावरच्या दोन संस्थांमधील संगणक-जोडणीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला. संगणक माहिती छोट्या तुकड्यांत, म्हणजे पुड्यांत (पॅकेट), पाठवतात; रांगेत अडकलेल्या पुड्यांची पोच येत नाही असे पाहून संगणक त्याच पुड्या पुन्हा पुन्हा पाठवीत होते आणि कोंडी वाढवीत होते. संगणकतज्ज्ञ व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेला उपाय पोचेवरच उभा आहे: जुनी पुडी पोहोचल्याची पोच आली की मगच नवी पुडी वाटेला लावायची, आणि पोच चुकली तर पाठवणाऱ्याने आपणहून हात आखडता घ्यायचा.