फेस येतोय म्हणजे साफ होतंय?

(दृश्य : शहाबादी फरशीचा तुकडा, अगदी जवळून. ड्रॉपरनं अ‍ॅसिडचे तीन थेंब.)

बघा, फेस आला. बारीक बुडबुडे, कान जवळ नेला तर चुरचुर आवाज. सफाईच्या कामात उभा जन्म काढलेली माणसंही हा फेस बघून म्हणतात, "मळ निघतोय." मळ नाही, दगड निघतोय. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. त्यावर अ‍ॅसिड पडलं की दगड विरघळतो आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. तेच हे बुडबुडे.

(दृश्य : तोच तुकडा धुतल्यावर, तिरप्या उजेडात. त्यावरून फिरणारं बोट.)

थेंब पडले तिथली झिलई गेली, बोटाला खरखर लागते. आता या खरखरीत जागेत चहाचा डाग, मावा-गुटख्याचा रंग आत मुरणार आणि साध्या पोछ्यानं निघणार नाही. मग महिन्यातून एकदा लागणारं अ‍ॅसिड आठवड्याला लागतं, पुढं दिवसाआड. अ‍ॅसिडची गरज अ‍ॅसिडनंच वाढवून ठेवलेली असते.

(दृश्य : सोलापूर, पहाटेचा सिद्धेश्वर तलाव. होटगी रस्त्यावरची चार मजली व्यापारी इमारत, अर्धवट उघडलेलं शटर.)

पहाटेचे साडेपाच. खाली खानावळ आणि कपड्यांची दुकानं, पहिल्या मजल्यावर दोन दवाखाने, वर कार्यालयं. सफाईला सहा जण. नऊच्या आत चारही मजले कोरडे पाहिजेत, कारण त्यानंतर पायांची वर्दळ सुरू होते. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो, तेव्हा गच्ची आणि बाहेरच्या पायऱ्या आधी उरकतात, आतलं काम मागून.

सोलापुरात शहाबादी कुठं नाही? गुलबर्ग्याच्या पुढं, वाडी जंक्शनच्या अलीकडं शहाबाद. रेल्वेमार्ग सरळ. त्यामुळं अंगणापासून दवाखान्याच्या पायऱ्यांपर्यंत हाच दगड. आणि पाणी बोअरचं, क्षाराचं. संडासाच्या भांड्यावर पांढरा-पिवळा थर धरतो आणि तो काढायला अ‍ॅसिड येतं. चिनी मातीच्या भांड्यावर ते चालतंही. पण बाटली हातात असतेच, म्हणून भांड्यावरून ते फरशीवर उतरतं.

(दृश्य : जिन्याखालची खोली. फळीवर कॅन, बाटल्या, पोछे. कॅमेरा एका पाऊण लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीवर थांबतो.)

ही बाटली बघून घ्या. शीतपेयाची, झाकण तेच, आतलं पाणी मात्र पिवळसर. लेबल नाही. पाच लिटरचा कॅन चार मजले वाहायला नको म्हणून यात ओतून घेतलेलं अ‍ॅसिड. शेजारी तशीच दुसरी बाटली, तिच्यात हायपो. हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, दवाखान्यात ज्यानं फरशी पुसतात ते. दोन्हींचा रंग जवळजवळ एक. वासावरून ओळखायचं म्हटलं तर बूच उघडून नाकाशी धरावं लागतं, आणि तेच करायचं नसतं.

हे दोन एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. मुद्दाम कोणी मिसळत नाही. होतं असं : रात्रपाळीच्या माणसानं भांड्यात हायपो टाकून ठेवलेलं असतं, नळ नसल्यानं फ्लश झालेला नसतो, सकाळी दुसरं कोणी येऊन त्यावर अ‍ॅसिड मारतं. किंवा कालच्या हायपोच्या बादलीत तळाला उरलेल्या पाण्यात आज संडासाचं क्लीनर पडतं. ब्लीचिंग पावडरचंही तसंच, ती पांढरी दिसते म्हणून निराळी नाही. अमोनिया असलेलं काचेचं क्लीनर हायपोत पडलं तर क्लोरामाइन हा विषारी वायू होतो, तोही तितकाच वाईट.

(दृश्य : देशी पद्धतीचा संडास. उकिडवं बसून घासणारी मावशी. वरची बंद झरोक्याची काच.)

क्लोरीन हवेपेक्षा जड. तो वर जात नाही, खाली साचतो. उकिडवं बसलेल्या माणसाचं तोंड नेमकं तिथं असतं, दार लोटलेलं, झरोका बंद. उभ्या सुपरवायझरला वास येईपर्यंत बसलेल्या माणसाच्या घशात तो गेलेला असतो. वास आला की काम टाकून, दार सताड उघडं करून बाहेर यायचं. पाणी ओतायला परत आत जायचं नाही. नाकाला बांधलेला रुमाल किंवा साधा कापडी मास्क वायू अडवत नाही. खोकला, छातीत जळजळ, आणि काही तासांनी धाप वाढू शकते, म्हणून घरी नाही, सरळ दवाखान्यात.

(दृश्य : तीच खोली, नव्यानं लावलेली. रंगीत टेप गुंडाळणारे हात.)

खोलीची मांडणी बदलायला एक दुपार लागली. अ‍ॅसिडजातीचं सगळं खालच्या फळीवर, प्लास्टिकच्या घमेल्यात, म्हणजे कॅन गळला तरी तिथंच राहील. हायपो समोरच्या भिंतीला, उन्हापासून लांब. डोळ्यांच्या उंचीच्या वर ओतायचं काहीच नाही. कोल्ड्रिंकच्या बाटल्या भंगारात.

लेबल मराठीत लिहिली, मग लक्षात आलं की सहापैकी दोघी घरी तेलुगू बोलतात, एक कन्नड, आणि एकीला अक्षरओळखच नाही. शहराच्या पूर्व भागातल्या कुठल्याही कामावर हेच चित्र दिसेल. म्हणून टेप. लाल टेप संडासाची बादली, लाल टेप संडासाचा ब्रश, लाल टेप त्याची बाटली. निळी पॅसेज आणि कार्यालयांना, हिरवी खानावळीला, पिवळी दवाखान्यांना. लाल पोछा लाल बादलीबाहेर दिसला तर कुणालाही टोकता येतं, "अक्का, हा तिथला नव्हं."

पुरवठादाराकडून प्रत्येक रसायनाचा सुरक्षा कागद (सेफ्टी डेटा शीट) मागून घ्यायचा. सोळा भाग असतात. सगळे वाचायची गरज नाही : चौथ्यात प्रथमोपचार, सातव्यात कसं ठेवायचं, आठव्यात हातमोजे-गॉगल कोणते, दहाव्यात कशाशी भिडवायचं नाही. जो पुरवठादार हा कागद देत नाही त्याच्याकडून माल घेऊ नये, स्वस्त असला तरी. खरं तर स्वस्त असला म्हणूनच.

(दृश्य : मोजपात्र, जवळून. २०० मिलीच्या रेषेवर थांबलेलं पाणी.)

आता माप. "झाकणभर" हे माप नाही, कारण प्रत्येक कॅनचं झाकण वेगळं. कॅनवर ५ टक्के हायपो लिहिलंय आणि दवाखान्याच्या मजल्यासाठी १ टक्का हवंय, तर एक लिटर करायला ८०० मिली पाणी, त्यात २०० मिली हायपो. कॅन १० टक्क्यांचा आला तर ९०० मिली पाणी आणि १०० मिली हायपो. इथंच घोळ होतो : दुकानदार या महिन्यात दुसराच कॅन देतो, हात मात्र जुन्या सवयीनं २०० मिली ओततो, आणि दुप्पट तिखट पाणी दिवसभर नाकातोंडात जातं. पाणी आधी, रसायन नंतर. उलट केलं तर तीव्र रसायनाचे शिंतोडे उडतात. मोजताना गॉगल डोळ्यावर. कपाळावर चढवलेला गॉगल म्हणजे बाशिंग.

आणि ताजं करायचं, रोज. हायपोला उजेड आणि उष्णता दोन्ही मानवत नाही. पत्र्याच्या शेडखाली ठेवलेला कॅन सोलापूरच्या उन्हाळ्यात हळूहळू निव्वळ खारं पाणी होत जातो. वास येत राहतो, जंतू मरत नाहीत. कॅन घट्ट फुगलेला दिसला तर तोंड लांब धरून, बूच थोडं थोडं सैल करायचं.

(दृश्य : दवाखान्याच्या पॅसेजमध्ये लाल डाग. हे रक्त नाही, कुंकवाचं पाणी आहे.)

सांडलेल्या रक्ताची रीत ठरलेली. हातमोजे. डागावर कागद किंवा जुनं कापड, वरून १ टक्का हायपो, कडेकडून आत ओतत, म्हणजे डाग पसरत नाही. मग दहा मिनिटं थांबायचं. ही दहा मिनिटंच कोणी देत नाही, डॉक्टरसुद्धा "उचला लवकर" म्हणतात. कापड दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत, जागा पुन्हा पुसायची.

कचऱ्याची कुठलीही पिशवी उचलायची ती पिशवीच्या तोंडाशी धरून, अंगापासून हातभर लांब. पायानं दाबून जागा करायची नाही, खालून हात लावायचा नाही. सुई पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात जायला हवी, पण चुकून ती साध्या कचऱ्यात येते आणि चालताना मांडीला लागते. टोचलीच, तर साबण आणि वाहतं पाणी. पिळायचं नाही, बोट तोंडात घालायचं नाही. लगेच डॉक्टर, कारण एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध दोन तासांत सुरू झालं तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. हिपॅटायटिस बीची लस मात्र कामाला लावतानाच सुरू करायची : आज, एक महिन्यानं, सहा महिन्यांनी.

(दृश्य : रबरी हातमोजा. मावशी त्यात हवा भरून मनगटाशी पिळते, फुगा गालाजवळ नेते.)

ही परीक्षा रोजची. मोज्यात हवा कोंडायची, तोंड पिळायचं, फुगा गालाजवळ धरायचा. झुळूक लागली की भोक आहे. भोकाचा मोजा उघड्या हातापेक्षा वाईट, रसायन आत जाऊन तिथंच भिजत राहतं. वरच्या टाइल्स घासताना मोज्याची कड बाहेर दुमडायची, नाही तर ओघळ कोपरापर्यंत येतो. काढायच्या आधी मोजे हातात असतानाच धुवायचे.

(दृश्य : जिन्याच्या वळणावर नळ लावलेले दोन वीस लिटरचे जार. त्यावर डोळ्याचं चित्र.)

डोळ्यात शिंतोडा गेला तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा, पापण्या बोटांनी उघड्या धरून. हे पुस्तकात सोपं आहे. आपल्याकडं नळ काही रोज येत नाही. म्हणून हे जार. मिनिटाला दीड लिटरच्या धारेनं एक जार तेरा मिनिटं पुरतो, म्हणून दोन. पाणी दर सोमवारी बदललं जातं, आणि ते प्यायला किंवा पोछ्याला घ्यायचं नाही. एवढी एक गोष्ट पाळून घ्यायलाच सुपरवायझरला सगळ्यात जास्त ओरडावं लागलं.

(दृश्य : लांब पॅसेज. अर्धा ओला, चकाकणारा, अर्धा कोरडा. त्यावरून जाणारी चहाची किटली.)

फरशी अर्धीच ओली करायची. पिवळी पाटी आधी, पाणी नंतर, आणि पाटी दोन्ही टोकांना. वाळलं की पाटी उचलायची. दिवसभर उभी राहिलेली पाटी शोभेची होते, मग खऱ्या ओल्यावर तिच्याकडं कोणी बघत नाही. मॉप इंग्रजी आठाच्या आकारात, मागं सरकत, म्हणजे पाय कोरड्यात राहतात. मॉपचा दांडा हनुवटीपर्यंत. आखूड दांड्यानं कंबर वाकते. बादली अर्धीच भरायची, वीस लिटर म्हणजे वीस किलो, आणि जिना चढायचाय.

या साबणाच्या कॅनवर दहा लिटरला ५० मिली लिहिलंय. जास्त घातला तर जास्त साफ होत नाही. साबणाचा पापुद्रा राहतो, त्यावर धूळ चिकटते आणि माणूस घसरतो.

(दृश्य : घासायचं मशीन. गरगरणारा ब्रश, उडणारं राखाडी पाणी.)

अ‍ॅसिडची जागा घेतली ती यानं. सतरा इंची ब्रश, साधा न्यूट्रल साबण (म्हणजे ना आम्ल, ना अल्कली) आणि थोडा वेळ. दांडा किंचित उचलला की मशीन उजवीकडं पळतं, दाबला की डावीकडं. नवीन माणूस त्याच्याशी कुस्ती खेळतो, आणि मशीनच जिंकतं. वायर खांद्यावरून मागं. ब्रश बदलायच्या आधी प्लग हातात दिसला पाहिजे, नुसतं बटण बंद चालत नाही. बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी हवा, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच. वायर प्लगजवळ सोलते आणि तिथं काळी टेप लावली जाते. ओल्या फरशीवर ती टेप म्हणजे काहीच नाही. वायरच बदलायची.

(दृश्य : इमारतीच्या मागं सेप्टिक टँकचं लोखंडी झाकण.)

हे झाकण उघडायचं काम या सहा जणांचं नाही, कुणी चारशे रुपये जास्तीचे दिले तरी. टाकीत माणूस उतरवून धोकादायक सफाई करून घेणं २०१३च्या कायद्यानं गुन्हा आहे. शोषून घेणारी गाडी बोलवायची.

(दृश्य : संडासाचं भांडं, थर असलेलं. त्यावर ओला कागद अंथरला जातो.)

राहिला भांड्यावरचा क्षार. लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, लिटरला १०० ग्रॅम. त्यात भिजवलेला कागद थरावर चिकटवायचा, अर्धा तास सोडायचा, मग ब्रश. एका दिवसात निघत नाही, चार-पाच वेळा करावं लागतं. पण तेही अ‍ॅसिडच. त्याच्या आसपास हायपो आणायचं नाही, आणि शहाबादीवर सांडू द्यायचं नाही.

(दृश्य : नऊ वाजलेत. कोरडा पॅसेज. ठेकेदाराची महिन्याच्या मालाची यादी, जवळून.)

पुढच्या महिन्याची यादी. फिनेल नाही. न्यूट्रल साबण दोन कॅन, हायपो एक, नायलॉन ब्रश तीन, कोपरापर्यंतचे हातमोजे बारा जोड, लिंबूफूल पाच किलो. "अ‍ॅसिड, २० लिटर" या ओळीवर पेनानं रेघ मारलेली. रेघेखाली कुणीतरी पेन्सिलनं लिहिलंय : ५ लिटर असू द्या.